नेट नेमके कुठे अडते?

(सहायक मंडळींच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला वसतिगृहाच्या कामाविषयी बोलायला सांगितले आहे. मुलांची संख्या, धान्य, निकाल हे सगळे अहवालात छापलेले आहे आणि तो आपल्या हातात आहे. ते मी पुन्हा वाचून दाखवत नाही. सकाळी चहाच्या वेळी तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला, त्याचेच उत्तर देतो. प्रश्न असा होता : "आम्ही मागच्या वर्षी वाय-फायचा डबा पाठवला होता, तो कसा काय चाललाय?"

खरे सांगायचे तर ऑफिसच्या कपाटात असे पाच डबे होते. तीन राऊटर आणि दोन ते प्लगमध्ये खोचायचे रिपीटर. सगळे प्रेमाने आलेले, सगळे चालू स्थितीतले. आणि तरीही मुलींच्या वसतिगृहात शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना पान गोल गोल फिरत राही, ओटीपी येईपर्यंत वेळ संपून जाई. असे का होते आणि ते कसे शोधायचे, याविषयी मी आज बोलणार आहे. आपल्यापैकी कोणाची शेतावर वस्ती असेल, कोणाच्या गावी शाळा किंवा मोठे कंपाउंड असेल, त्यांनाही याचा उपयोग होईल.

आधी नेट कशासाठी लागते ते सांगतो. पूर्वी कोणी म्हणत, आदिवासी मुलांना नेट कशाला, बिघडतील. आता कोणी तसे म्हणत नाही, कारण प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षेचे फॉर्म, आधारची पडताळणी यांतले काहीच नेटशिवाय होत नाही. पण माझ्या मनात पहिला क्रमांक दवाखान्याचा आहे. आमच्या नंदुरबार भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. वसतिगृहातही अशी मुले असतात. रात्री एखाद्या मुलीच्या हातापायांत आणि पोटात कळा सुरू झाल्या, तर सिस्टरना जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांना विचारावे लागते की इथेच सलाईन लावून सांभाळू, की आत्ताच गाडी काढू? सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्याकडे मोबाईलची रेंज दवाखान्याच्या ओट्यावर एका कोपऱ्यात येते, तीही वारा पाहून. तिथे डॉक्टरांशी बोलणे आणि त्यांना मूल दाखवणे हे वाय-फायवरच होते. म्हणून हा विषय माझ्यासाठी सोयीचा नाही, गरजेचा आहे.

आमची जागा बावीस एकर आहे, पण चौकोनी नाही, लांबट आहे. रस्त्याला लागून दवाखाना. तिथून नव्वदेक मीटर आत जुना दगडी बंगला, त्यात ऑफिस. बाहेरून येणारी फायबरची तार या बंगल्यात येते. बंगल्यापासून मुलींचे वसतिगृह साधारण १८० मीटर, मुलांचे २६० मीटर. पुढे नाला, आणि नाल्यापलीकडे, बंगल्यापासून सुमारे ४०० मीटरवर, शेतीचे गोदाम आणि बालवाडी. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कोणीही तक्रार करतो तेव्हा दोनच शब्द बोलतो : "नेट गेलं." हे "पोट दुखतंय" म्हणण्यासारखे आहे. डॉक्टर विचारणारच की कुठे दुखते, कधीपासून, जेवल्यावर की उपाशीपोटी. नेट ही एक वस्तू नाही, ती साखळी आहे. गावाबाहेरून येणारी तार ही पहिली कडी. ती जिथे संपते तो फायबरचा डबा ही दुसरी. मग राऊटर. मग एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाणारी वाट. शेवटी त्या खोलीतली हवा आणि तुमच्या हातातला फोन. यांतली कोणतीही कडी तुटली तरी फोनवर दिसते तेच : पान गोल गोल फिरते. आणि लोक काय करतात? शेवटच्या कडीसाठी नवा डबा घेऊन येतात.

लूकच्या शुभवर्तमानातल्या त्या बाईची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. तिच्याकडे दहा नाणी होती आणि एक हरवले. तिने दिवा लावला, घर झाडले, मन लावून शोधले. ती नवे नाणे आणायला बाजारात धावली नाही. नाणे घरातच होते.

तर आम्ही दिवा लावला तो असा. शंभर पानी वही घेतली, रेघा मारल्या आणि ऑफिसबाहेर खिळ्याला टांगली. तारीख, वेळ, कोणती इमारत, एकाच फोनवर की सगळ्यांच्या, लाईट होती की गेलेली, आणि फायबरच्या डब्यावर कोणता दिवा लागलेला होता, एवढेच लिहायचे. त्या डब्यावर लॉस असे लिहिलेला एक छोटा दिवा असतो. तो लाल झाला की बाहेरची तार तुटली आहे किंवा सुटली आहे असे समजावे. मग आत काही करून उपयोग नाही. राऊटर दहा वेळा बंद-चालू केला तरी रस्त्याच्या खोदकामात तुटलेली तार जुळत नाही. कंपनीला तक्रार नोंदवावी आणि आपल्या कामाला लागावे.

तो दिवा लाल नसेल, तर दुसरी पायरी. राऊटरपाशी जाऊन लॅपटॉप तारेने जोडून पाहायचा. तारेने नेट नीट चालते आणि हवेतून चालत नाही, तर दोष वाय-फायचा. तारेनेही चालत नाही, तर दोष राऊटरच्या मागे. यात एक फार उपयोगी तपासणी आहे, तिला पिंग म्हणतात. आपण शेतात लांबच्या माणसाला हाक मारतो आणि "ओ" येते का बघतो, तसेच हे. आधी घरच्या राऊटरला हाक मारायची. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो. मग बाहेरच्या एखाद्या कायम चालू असणाऱ्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला. शंभर हाका मारा आणि किती "ओ" आल्या ते मोजा. राऊटर सगळ्या हाकांना ओ देतो आणि बाहेरचा देत नाही, तर बिघाड बाहेर. राऊटरच शंभरातल्या तीस हाका गिळतो, तर तुमच्या आणि राऊटरच्या मधल्या हवेत काहीतरी आहे. फोनवरही हे करता येते, फुकट ॲप मिळतात. आमच्याकडे नववीतल्या दोन मुली हे इतके सफाईने करतात की आता मी त्यांनाच बोलावतो.

दीड महिन्यात वही बोलू लागली. मला वाटले होते, एक दोष सापडेल. सापडले चार, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. म्हणूनच तर एका डब्याने काही होत नव्हते.

पहिला दोष भिंतींचा. जुन्या बंगल्याच्या भिंती काळ्या दगडाच्या, दीड-दोन फूट जाड. ज्यांनी बांधल्या त्यांनी उन्हाचा विचार केला, वाय-फायचा करण्याचे त्यांना कारण नव्हते. राऊटर आतल्या खोलीत कपाटावर होता. त्याची लहर आधी ती भिंत ओलांडते, मग आवारातली झाडे, मग वसतिगृहाची भिंत. वर वसतिगृहाचे छप्पर पत्र्याचे. पत्रा ही लहर आत घेत नाही, परतवून लावतो. पाणी ती शोषून घेते, म्हणून भरलेल्या टाकीच्या मागे बसवलेला राऊटर म्हणजे पडद्याआडचा दिवा.

वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते, २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पहिला लांब जातो, भिंतीतून थोडाफार पार होतो, पण हळू आणि गर्दीचा. दुसरा वेगवान, पण भिंत दिसली की दमतो. लांबच्या खोलीत फोन ५ ला चिकटून बसला असेल तर त्याला २.४ वर आणून पाहावे. कधी कधी तेवढ्यानेच काम होते.

लहर किती पोहोचते हे मोजता येते. फोनवरच्या ॲपमध्ये ती उणे आकड्यात दिसते. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ च्या आसपासपर्यंत व्हिडिओवर बोलता येते. उणे ८० झाले की जोडलेले दिसते पण काम होत नाही. संडे स्कूलच्या मुलांना मी सांगतो, हे कर्जासारखे आहे, उण्याचा आकडा वाढला की परिस्थिती बिघडली. आम्ही परिसराचा कागदावर नकाशा काढला आणि पन्नास ठिकाणी उभे राहून आकडे लिहिले. एका दुपारचे काम. मुलींच्या वसतिगृहात, जिथे त्या फॉर्म भरायला बसत, तिथे आकडा होता उणे ८४.

आता इथे कोणीही म्हणेल, मग जास्त ताकदीचा, चार कानांचा मोठा राऊटर आणा. बंधूंनो, विचार करा. चर्चवर भोंगा लावला तर आपला आवाज नाल्यापलीकडच्या पाड्यावर जातो. पण पाड्यावरच्या आजीने तिथून उत्तर दिले तर ते आपल्याला ऐकू येते का? नेटवर बोलणे दोन्ही बाजूंनी असते. राऊटर मोठा झाला तरी फोन तेवढाच, त्याची बॅटरी लहान, त्याचा आवाज लहान. फोनवर रेघा भरलेल्या दिसतात आणि पान उघडत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

आणि रिपीटर? तो वाईट नाही, पण त्याचा स्वभाव समजून घ्यायला हवा. तो ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो. साधा रिपीटर ऐकणे आणि बोलणे एकाच लहरीवर करतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. शिवाय आपण तो लावतो कुठे, तर जिथे नेट येत नाही तिथे. जिथे त्यालाच काही ऐकू येत नाही तिथे तो काय सांगणार? लावायचाच तर निम्म्या वाटेवर लावावा. आमच्याकडे दोन रिपीटर एकामागे एक लावलेले होते. म्हणजे निम्म्याचे निम्मे. त्यात तीन डबे एकाच चॅनेलवर. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच आहेत : १, ६ आणि ११. शेजारच्या डब्यांना हे तीन वाटून द्यावे. नाहीतर एका खोलीत तीन प्रार्थनासभा एकाच वेळी चालल्यासारखे होते, आणि प्रत्येक जण थांबून दुसऱ्याचे संपण्याची वाट पाहतो.

दुसरा दोष मजेशीर होता, पण त्याने सगळ्यात जास्त छळले. आठवड्यातून दोन-तीनदा दुपारनंतर संपूर्ण परिसरात काही फोन चालत, काही चालत नसत. "कनेक्टेड, पण इंटरनेट नाही." वहीत असे दिसले की हे फक्त मुलांच्या वसतिगृहातला एक जादा राऊटर कोणी चालू केला की होते. तो एका पाहुण्यांनी आणून दिलेला. त्याचे असे आहे की फोन जोडला की राऊटर त्याला एक नंबर देतो, जसे वसतिगृहात वॉर्डन मुलाला खाटेचा नंबर देतात. आता एकाच वसतिगृहात दोन वॉर्डन एकमेकांना न विचारता खाटा वाटू लागले तर? एका खाटेवर दोन मुले आणि तिसऱ्याला पाठवले नसलेल्या खोलीत. इलाज सोपा. दुसऱ्या राऊटरमधले नंबर वाटण्याचे काम बंद करायचे, त्याला डीएचसीपी म्हणतात. त्याला स्वतःला वेगळा पत्ता द्यायचा, आणि मुख्य तार त्याच्या लॅन लिहिलेल्या भोकात लावायची, वॅनमध्ये नाही. मग तो राऊटर राहत नाही, नुसता वाय-फाय पसरवणारा दिवा होतो. कपाटातल्या तीनपैकी दोन राऊटर आम्ही असेच कामाला लावले. ज्यांनी ते दिले ते इथे बसले असतील तर त्यांचे मनापासून आभार, ते डबे आज मुलींच्या अभ्यासिकेत आणि शाळेत चालू आहेत.

तिसरा दोष नाल्यापलीकडचा. बालवाडीसाठी दोन छोट्या डिश लावून हवेतूनच दुवा जोडलेला होता. ५ गिगाहर्ट्‌झवर चालणारी ही जोडी समोरासमोर दिसत असेल तर काही किलोमीटरही जाते. अशा दुव्याला परवाना लागतो का, असे मला पुष्कळ जण विचारतात. ठरवून दिलेल्या ताकदीच्या आत, मान्यता असलेली यंत्रे वापरली तर लागत नाही. २.४ चा पट्टा सरकारने २००५ मध्ये आणि ५ च्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये परवानामुक्त केला. पण यात एक इशारा : मोबाईलची रेंज वाढवणारा बूस्टर ही गोष्ट वेगळी. तो बाजारात मिळतो, पण परवान्याशिवाय बसवणे बेकायदेशीर आहे आणि त्याने आसपासच्या टॉवरचे नेटवर्क बिघडते. कृपा करून तो पाठवू नका.

तर हा दुवा मार्चमध्ये बसवला तेव्हा उत्तम चालला. जूनअखेर खोकू लागला आणि ऑगस्टमध्ये बसलाच. सगळे म्हणाले, पावसामुळे. बसवून देणारा माणूसही तेच म्हणाला आणि मोठ्या डिशचे दर सांगून गेला. पण वहीत पाहिले तर पाऊस नसलेल्या दिवशीही तो बंदच होता. चारशे मीटरवर एवढ्या पावसाने या लहरीचे फारसे बिघडतही नाही. आमच्या शेतमजुरांपैकी एका मावशींना मी विचारले, मार्चमध्ये आणि आता या वाटेत काय वेगळे आहे? त्यांनी नुसता बांधाकडे हात केला. बांधावर सागाची रांग आहे. साग उन्हाळ्यात उघडा असतो, पावसाळ्यात त्याला सुपाएवढी पाने येतात, आणि ती पाने म्हणजे पाण्याने भरलेली भिंत.

आणि नुसते डोळ्याला पलीकडची डिश दिसणे पुरत नाही. लहर दोरीसारखी बारीक जात नाही, मध्यावर फुगते, चिरुटासारखी. तिच्या या फुगवट्याला फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव आहे. ४०० मीटरच्या अशा दुव्यात बरोबर मध्यावर हा फुगवटा चारही बाजूंना साधारण सव्वादोन मीटर असतो. त्यातला निम्म्याहून अधिक भाग मोकळा हवा. म्हणून फांद्यांच्या फटीतून पलीकडचे दिसत असले तरी दुवा चालत नाही.

साग तोडायचा नव्हताच. डिश उंच नेण्याचे ठरले. मग चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यावर लावावी की नाही यावर पंचकमिटीत दोन बैठका झाल्या. ती हकीकत मी इथे सांगत नाही, दोन्ही बाजूंची मंडळी समोर बसली आहेत. शेवटी पाण्याच्या टाकीच्या सांगाड्यावर लावली. तिथून सागाच्या रांगेचे टोक टाळून सरळ नजर जाते. यंदाच्या पावसाळ्यात दुवा टिकला.

चौथा दोष विजेचा, आणि माझ्या मते हाच मुख्य. तामिळनाडूत थेनी इथे अरविंद नेत्र रुग्णालयाने आसपासच्या गावांतल्या दृष्टी केंद्रांना लांब पल्ल्याच्या वाय-फायने जोडले. गावातला रुग्ण केंद्रात बसतो आणि रुग्णालयातले डॉक्टर व्हिडिओवर त्याच्याशी बोलतात. हे काम अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर झाले. ग्रामीण भागातली अशी जाळी टिकवायची कशी, यावर त्या संशोधकांनी २००८ मध्ये एक शोधनिबंध मांडला. त्यात त्यांनी सांगितले की यंत्रे बिघडण्याचे मोठे कारण लांब अंतर किंवा डोंगर नव्हते, वाईट वीज होती. व्होल्टेज अचानक उसळते, खाली येते, येत-जात राहते. आणि दुसरी अडचण अशी की काय बिघडले हे तिथल्या माणसांना ओळखता येत नव्हते. हे वाचताना मला आमची वही वाचल्यासारखे वाटले.

आमच्याकडे संध्याकाळी शेतीच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडते. राऊटर पूर्ण बंद होत नाही, अर्धवट जागा राहतो, दिवे लागलेले पण काम शून्य. लाईट जाऊन परत येते तेव्हा तर पहिला झटका जोराचा. सिस्टर म्हणत, "रात्रीच नेट जाते." बरोबर होते, कारण इन्व्हर्टर बदलून वीज घेतो त्या क्षणी राऊटर पुन्हा सुरू होत असे आणि उठायला दोन-तीन मिनिटे घेई. डॉक्टरांशी बोलताना दोन-तीन मिनिटे म्हणजे बोलणे तुटलेच. आता राऊटर आणि फायबरचा डबा यांना छोटा स्वतंत्र युपीएस आहे, बारा व्होल्टचा, हातात मावेल एवढा. या सगळ्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू कोणती असे विचाराल, तर तीच.

उन्हाचेही तसेच. घरगुती राऊटर बहुधा ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेला असतो. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली त्याहून किती तरी जास्त होते. त्याला पत्र्याखालून काढून भिंतीवर, वारा लागेल अशा ठिकाणी आणले. उघड्यावरच्या पेट्यांत पाली आणि मुंग्या शिरतात, त्यासाठी भोकांना जाळी. यात शास्त्र काही नाही, घर सांभाळणे आहे.

राहिली पडणारी वीज. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची तार ओढली की जवळपास कुठे वीज पडली तर तिचा झटका त्या तारेतून दोन्हीकडची यंत्रे जाळतो. शिवाय तांब्याच्या नेटवर्क तारेची मर्यादा १०० मीटर. आमची वसतिगृहे १८० आणि २६० वर. कोणीतरी तरी ओढून ठेवली होती, मधे सांधा देऊन. त्यातून जे चालत होते ते चालणे नव्हते, लंगडणे होते. म्हणून आम्ही बंगल्यापासून दोन्ही वसतिगृहांपर्यंत फायबर टाकले. ती काच आहे. तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही, आणि हे अंतर तिच्यासाठी काहीच नाही. दोन्ही टोकांना एकेक छोटा मीडिया कन्व्हर्टर लागतो, बस. पाड्यांवरच्या तरुणांनी रोजंदारीवर दोन फूट चर खणला, आत काळा जाड पाइप, कारण उंदीर उघडी तार खातात. दर वीस पावलांवर खुणेचा दगड रोवला, म्हणजे पुढे कोणी नांगर किंवा जेसीबी घातला तर आधी दिसेल. डिश लावलेल्या सांगाड्याला आणि बंगल्याला वेगळे अर्थिंग केले. खड्ड्यात कोळसा, मीठ आणि उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालायला मात्र विसरायचे नाही, हे वॉर्डनकाकांनी स्वतःकडे घेतले आहे.

आता सगळे सुरळीत आहे का? नाही. बाहेरची तार पावसाळ्यात तुटते, एकदा तर सलग सहा दिवस. तेव्हा दवाखान्यात मोबाईलच्या सिमवर चालणारा छोटा डबा लावतो. तो त्या ओट्याच्या कोपऱ्यातच चालतो आणि कधी कधी तिथेही नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत अजून लहर पोहोचत नाही. आणि मुलांच्या झोपण्याच्या खोल्यांत आम्ही नेट मुद्दाम दिलेले नाही. अभ्यासिकेत आहे, रात्री नऊला बंद होते. यावर काही पालकांचा आणि काही सहायकांचाही वेगळा विचार आहे. बोलायला मी तयार आहे, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या उशाशी रात्रभर फोन नको, असे माझे मत आहे. दवाखान्याची वाट मात्र आम्ही वेगळी काढून दिली आहे, म्हणजे शाळेत तीस फोनवर व्हिडिओ चालू असला तरी सिस्टरांचा कॉल मागे पडत नाही.

आता आपल्याकडून काय हवे, हे स्पष्ट सांगतो. राऊटर नको. रिपीटर नको. वस्तू पाठवण्याआधी एक फोन करा, किंवा इथे आलात तर ती वही वाचा, ती अजून खिळ्यालाच आहे. यंदा तीन गोष्टी हव्या आहेत : दवाखान्याच्या युपीएससाठी एक मोठी बॅटरी, प्रयोगशाळेपर्यंत दीडशे मीटर फायबर आणि तिचा पाइप, आणि दोन तरुणांना फायबर जोडायचे काम शिकवण्याचा खर्च. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. तार तुटली की आज आम्ही शहरातून माणूस येण्याची वाट पाहतो, आणि आमच्याकडे येणारी बस दिवसातून दोनदाच असते. पाड्यावरचाच माणूस ते करू लागला तर आमच्या परिसराचे होईलच, ग्रामपंचायतीचे आणि आश्रमशाळेचे कामही त्याला मिळेल.

त्या दोन मुलींविषयी विचारणा झाली, म्हणून सांगतो. त्या आता दहावीत गेल्या. वही त्यांनी आठवीतल्या तिघींकडे सोपवली आहे, आणि पिंग कसे करायचे ते कागदावर त्यांच्या पावरी बोलीत लिहून वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवले आहे. मला ते पूर्ण वाचता येत नाही, पण त्या तिघींना येते.

चहानंतर कोणाला आपल्या घरच्या किंवा मंडळीच्या वाय-फायविषयी विचारायचे असेल, तर मी मागच्या बाकावर आहे. येताना राऊटर कुठे ठेवला आहे त्याचा फोटो मात्र दाखवा.